वंश, वंशानुचरित आणि इतिहास : वत्सगुल्माच्या निमित्ताने

१

मराठी समीक्षेत ‘वंशावळ’ हा शब्द आज दोन वाटांनी येतो. पहिली वाट जुनी आहे. पुराणांतील राजवंशांच्या याद्या, ताम्रपटांच्या आरंभी येणारी पूर्वजांची नावे, वतनाच्या तंट्यात पुढे केलेले करीने आणि कैफियती, संप्रदायांच्या गुरुपरंपरा हा सगळा व्यवहार आपण या शब्दाने ओळखतो. दुसरी वाट भाषांतराची आहे. नीत्शेने १८८७ साली नीतिकल्पनांच्या वंशावळीवर ग्रंथ लिहिला. मिशेल फूको याने १९७१ साली नीत्शे, वंशावळ आणि इतिहास यांचा एकत्र विचार करणारा निबंध प्रसिद्ध केला. त्यानंतर ‘वंशावळ’ ही एक चिकित्सापद्धती म्हणून जगभरच्या सिद्धान्तचर्चेत रूढ झाली आणि तिथून मराठीतही आली.

या दोन अर्थांत केवळ फरक नाही, तर उघड विरोध आहे असे प्रथमदर्शनी वाटते. परंपरागत वंशावळ मुळाकडे जाते आणि त्या मुळाशी वर्तमानाचा अखंड धागा जोडून देते. अधिकार, वतन, उपासना किंवा प्रतिष्ठा यांना आधार पुरवणे हे तिचे काम असते. फूकोची वंशावळ याच्या उलट चालते. मूळ म्हणून जे दाखवले जाते तेथे शुद्ध, एकजिनसी असे काही नसतेच. तेथे कलह, अपघात आणि विसंगती असतात, हे ती दाखवू पाहते. त्यामुळे आपल्याकडचे अभ्यासक बहुधा एक सोयीची तडजोड करतात. शब्द एकच असला तरी या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही असे म्हणून ते पुढे जातात.

प्रस्तुत लेखात या तडजोडीची तपासणी करावयाची आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : एकटी वंशावळ सातत्य सांगते, परंतु एकाच मुळाचा दावा करणाऱ्या दोन वंशावळी शेजारी ठेवल्या की त्यांच्यामधून खंड दिसू लागतो. इतिहास हा या दुसऱ्या क्रियेतून निर्माण होतो. म्हणून वंशावळ म्हणजे कच्चा किंवा खोटा इतिहास नव्हे, आणि इतिहास म्हणजे सुधारून वाढवलेली वंशावळही नव्हे. हे प्रतिपादन हवेत राहू नये म्हणून एकच प्रदेश डोळ्यांपुढे ठेवला आहे. तो म्हणजे १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम जिल्हा. राजवंश, गुरुवंश, काव्याचा वंश आणि जातीचा वंश या चारही प्रकारच्या वंशावळी या लहानशा भूभागात एकमेकींच्या जवळ सापडतात.

२

प्रथम व्याख्येचा प्रश्न. संस्कृतात ‘वंश’ म्हणजे बांबू. एका पेरातून दुसरे पेर निघावे तशी एका पुरुषातून दुसऱ्या पुरुषाची उत्पत्ती, हे रूपक या शब्दात मुळातच आहे. परंतु वंश म्हणजे रक्ताचीच परंपरा असे मानण्याचे कारण नाही. बृहदारण्यकोपनिषदात तीन ठिकाणी आचार्यांच्या लांबलचक नामावळी येतात आणि परंपरेने त्यांना ‘वंश’ असेच म्हटले आहे. तेथे नाते विद्येचे आहे. त्यांतील शेवटच्या नामावळीत तर आचार्यांची नावे त्यांच्या मातांवरून दिलेली आहेत. म्हणजे वंशसूत्र बापाकडून मुलाकडे, आईकडून मुलाकडे किंवा गुरूकडून शिष्याकडे अशा कोणत्याही मार्गाने नेता येते. कोणता मार्ग निवडायचा हे निसर्ग ठरवीत नाही. ते वंशावळ रचणारा ठरवतो.

यावरून वंशावळीची कामचलाऊ व्याख्या करता येईल. अनेक संभाव्य नात्यांपैकी एका प्रकारचे नाते निवडून, त्या नात्याने जोडता येणाऱ्या व्यक्ती क्रमाने मांडून, आणि त्या क्रमात न बसणाऱ्या सर्वांना गाळून केलेली विधानरचना म्हणजे वंशावळ. निवड, जोडणी आणि गाळणी या तिच्या तीन क्रिया होत. पैकी जोडणी तेवढी दिसते. निवड गृहीत धरली जाते आणि गाळणीचा मागमूस राहत नाही.

वंशावळ आणि राजावली यांतील भेदही येथेच लक्षात घ्यावयास हवा. राजावली ही गादीवर बसलेल्यांची यादी असते, वंशावळ ही उत्पत्तीची साखळी असते. या दोहोंची गल्लत झाली की कालगणना बिघडते. पिढ्या मोजून त्यांना सरासरी राज्यकालाने गुणावे आणि त्यावरून शतके ठरवावीत, ही पद्धत एकेकाळी सर्रास वापरली गेली. भावाने भावाचे राज्य घेतले असेल, मुलगा बापाआधी वारला असेल, किंवा दोन शाखा एकाच वेळी राज्य करीत असतील, तर हे गणित कोसळते.

आपल्या परंपरेला हा भेद अपरिचित नव्हता. पुराणाच्या पाच लक्षणांत सर्ग, प्रतिसर्ग आणि मन्वंतर यांच्या जोडीने ‘वंश’ आणि ‘वंशानुचरित’ अशी दोन स्वतंत्र लक्षणे सांगितली आहेत. कोणापासून कोण झाला हे वंश सांगतो. झालेल्यांनी काय केले हे वंशानुचरितात येते. एकात नाते आहे, दुसऱ्यात कृती आहे. पार्जिटरने १९२२ साली पुराणांतील वंशांवरून प्राचीन भारताचा ऐतिहासिक सांगाडा उभा करण्याचा मोठा प्रयत्न केला. त्या प्रयत्नाचे मोल नाकारता येत नाही. मात्र त्यात वंशातून थेट इतिहासाकडे उडी मारण्याची घाई आहे. वंश आणि वंशानुचरित यांच्यामधले अंतर का ठेवले गेले, हा प्रश्न त्यात पुरेसा विचारला गेलेला नाही.

३

आता वाशीमकडे येऊ. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची ही राजधानी होती. आज हे विधान पाठ्यपुस्तकात सहज आढळते; परंतु १९३९ पर्यंत ते कोणी करू शकत नव्हते, कारण वाकाटकांच्या दोन शाखा होत्या हेच ठाऊक नव्हते. ते का ठाऊक नव्हते, हे पाहणे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात हरिषेण या वाकाटक राजाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. त्यात विंध्यशक्तीपासून हरिषेणापर्यंतच्या राजांची नावे येतात. लेख पावसापाण्याने झिजलेला आहे आणि काही नावे अर्धवट उरली आहेत. ब्यूलर याने १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या वाचनात त्या झिजलेल्या जागी जी नावे पाहिली ती रुद्रसेन, पृथिवीषेण अशी, म्हणजे इतर वाकाटक ताम्रपटांतून आधीच परिचित असलेल्या राजांची होती. या वाचनाला बळ मिळाले ते एका योगायोगाने. दोन्हीकडे आरंभी एक प्रवरसेन होता आणि काही पिढ्यांनी दुसरा प्रवरसेन येत होता. दोन टोके जुळल्यावर मधली नावेही तीच असणार असे वाटणे स्वाभाविक होते. अजिंठ्याच्या यादीत एक पिढी कमी भरते ही अडचण, लेखकाने एक नाव गाळले असावे असे म्हणून निकालात काढता येत होती.

१९३९ साली वाशीम येथे सापडलेला ताम्रपट प्रकाशात आला आणि हे चित्र पालटले. वत्सगुल्माहून, आपल्या कारकिर्दीच्या सदतिसाव्या वर्षी, विंध्यशक्ती नावाच्या राजाने दिलेले हे दानपत्र आहे. त्यात तो स्वतःला सर्वसेनाचा पुत्र आणि प्रवरसेनाचा नातू म्हणवतो. सर्वसेन हे नाव ज्ञात वंशावळीत कोठेच नव्हते. वा. वि. मिराशी यांनी या ताम्रपटाच्या प्रकाशात अजिंठ्याचा लेख पुन्हा वाचला, तेव्हा ‘रुद्रसेन’ वाचलेल्या जागी ‘सर्वसेन’ आणि ‘पृथिवीषेण’ वाचलेल्या जागी ‘विंध्यसेन’ असल्याचे त्यांना दिसून आले. अर्थ स्पष्ट होता. पहिल्या प्रवरसेनानंतर राज्य विभागले गेले होते. त्याचा नातू रुद्रसेन याची शाखा नंदिवर्धनाकडे राहिली आणि पुत्र सर्वसेन याने वत्सगुल्मास वेगळी गादी स्थापली. प्रवीराला चार पुत्र होते आणि ते चौघेही राजे झाले, हे पुराणांतील विधान तोवर अतिशयोक्त वाटत होते. त्यालाही निदान अर्धा आधार मिळाला.

या प्रसंगातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, दगडावरची अक्षरे १८८३ मध्ये होती तीच १९३९ नंतरही होती. बदलले ते वाचणाऱ्याच्या मनातले वंशवृक्षाचे चित्र. वंशावळ ही वाचनाआधीच वाचकाच्या डोळ्यांत बसलेली असू शकते आणि ती पुरावा निर्माण करू शकते. दुसरी, आजोबाचे नाव नातवाला किंवा पणतवाला ठेवण्याची जी प्रथा घराण्याचे सातत्य घोषित करण्यासाठी असते, तीच येथे दोन घराण्यांची गल्लत होण्यास कारण झाली. सातत्याची खूण हीच विस्मृतीची खूण ठरली. तिसरी आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, या दोन वंशावळींपैकी कोणतीही खोटी नव्हती. मुख्य शाखेचे ताम्रपट सर्वसेनाचे नाव घेत नाहीत. वाशीमचा ताम्रपट रुद्रसेनाचे घेत नाही. प्रत्येकाने दुसऱ्याला मौनाने गाळले आहे. सगळी विधाने खरी असूनही राज्यविभागणीसारखी मोठी घटना दोहोंतूनही नाहीशी झालेली आहे. ती घटना परत मिळते ती दोन मौने समोरासमोर ठेवल्यावर.

४

वंशावळीचा आरंभ कोठून करावयाचा हाही निवडीचा भाग असतो. मुख्य शाखेचे ताम्रपट आपली वंशावळ पहिल्या प्रवरसेनापासून सुरू करतात, कारण चार अश्वमेध करणारा सम्राट तो. त्याचा पिता विंध्यशक्ती तेथे येत नाही. तो भेटतो पुराणांत आणि अजिंठ्याच्या लेखात. म्हणजे ‘मूळ पुरुष’ हा प्रथम जन्मलेला पुरुष नसतो. ज्याच्यापासून मोजणे लाभाचे ठरते तो मूळ पुरुष. याच ताम्रपटांत प्रवरसेनाचा पुत्र गौतमीपुत्र हा राजा नसतानाही उल्लेखिला जातो आणि त्याचा पुत्र रुद्रसेन हा भारशिवांचा राजा भवनाग याच्या कन्येचा पुत्र असल्याचे आवर्जून सांगितले जाते. ज्याने राज्य केले नाही तो राहिला, आणि ज्याने दुसरीकडे राज्य केले तो गेला.

या निवडीचे याहून धीट उदाहरण प्रभावतीगुप्तेच्या पुणे ताम्रपटाचे आहे. ती वाकाटकांची सून, रुद्रसेन (दुसरा) याची पत्नी आणि अल्पवयीन पुत्राच्या वतीने राज्य चालवणारी राणी. परंतु तिच्या दानपत्राच्या आरंभी वाकाटकांची वंशावळ नाही, तर गुप्तांची आहे. ती चंद्रगुप्त (दुसरा) याची कन्या म्हणून बोलते आणि आपले गोत्र धारण असे माहेरचेच सांगते. पती वारलेला, पुत्र लहान, अधिकार तर चालवायचा आहे, अशा वेळी तिने जी वंशावळ पुढे केली ती तिच्या स्थितीचे अचूक वर्णन करते. येथे वंशावळ भूतकाळ कमी सांगते आणि ती उच्चारणाऱ्याचा वर्तमानकाळ अधिक सांगते. वंशावळीचा इतिहासाला होणारा खरा उपयोग हा आहे : ती ज्यांच्याविषयी बोलते त्यांच्यापेक्षा ती जेव्हा बोलली गेली त्या क्षणाची ती साक्ष असते.

वाशीमच्या ताम्रपटाची भाषाही या संदर्भात पाहण्यासारखी आहे. त्यातील वंशावळीचा भाग संस्कृतात आहे; दानाचा प्रत्यक्ष व्यवहार सांगणारा भाग प्राकृतात आहे. पूर्वजांची भाषा एक, जमिनीची भाषा दुसरी. एकाच पत्र्यावर या दोन भाषा कोरल्या गेल्या तेव्हा लेखकाला त्यात काही विसंगत वाटले नसावे. वंश हा प्रतिष्ठेच्या भाषेत सांगायचा आणि गाव, त्याच्या सवलती, घेणाऱ्यांची नावे ही लोकांना कळेल अशा भाषेत नोंदवायची, हा भेद त्या काळाने सहज स्वीकारला होता. वंशावळ आणि इतिहास यांच्यातील अंतराची ही भाषिक खूण मानावयास हरकत नाही.

आणखी एक खूण वाशीमपासून जवळच असलेल्या हिस्से-बोराळा येथे मिळते. वत्सगुल्म शाखेचा राजा देवसेन याच्या काळी स्वामिल्लदेव नावाच्या अधिकाऱ्याने ‘सुदर्शन’ नावाचे तळे बांधविले. त्याच्या शिलालेखात शक ३८०, म्हणजे इसवी सन ४५८, हे वर्ष दिलेले आहे. वाकाटकांचे ताम्रपट राजाच्या कारकिर्दीची वर्षे देतात. ती वर्षे घराण्याच्या आतली असतात. बाहेरच्या काळाशी ती जुळत नाहीत. घराण्याला सर्वांच्या काळात आणून बसवणारी पक्की तारीख मिळाली ती एका तळ्याच्या नोंदीतून. वंशाचा काळ पिढ्यांनी मोजला जातो, पाण्याचा काळ वर्षांनी. इतिहासाला दुसऱ्या प्रकारचा काळ लागतो, आणि तो बहुधा राजाच्या स्तुतीत मिळत नाही.

५

साहित्याच्या अभ्यासकाला वत्सगुल्माचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुषाची कथा सांगितली आहे. सरस्वतीने पुत्रासाठी हिमालयात तप केले आणि तिला काव्यपुरुष हा पुत्र झाला. त्याला प्रेमपाशात बांधावे म्हणून गौरीने साहित्यविद्यावधू निर्माण केली. निरनिराळ्या देशांतून ती त्याच्या मागे फिरली. ज्या ज्या प्रदेशात जो वेष, जो विलास आणि जी वचनपद्धती घडली तिच्यावरून प्रवृत्ती, वृत्ती आणि रीती ठरल्या. अखेर विदर्भातील वत्सगुल्म नगरात, कामदेवाच्या क्रीडास्थानी, काव्यपुरुषाने तिच्याशी गांधर्वविवाह केला.

ही कथा म्हणजे साहित्याची वंशावळच आहे. परंतु तिची घडण नेहमीच्या वंशावळीहून वेगळी आहे. काव्यपुरुषाला आई आहे, पण कथेचा भर जन्मावर नाही. भर आहे प्रवासावर आणि विवाहावर. रीती या एका मुळातून फुटलेल्या फांद्या नाहीत. त्या वाटेवरच्या भेटींतून घडलेल्या आहेत. मुळापेक्षा मीलनस्थानाला महत्त्व देणारी ही वंशावळ आहे. मराठी वाङ्मयेतिहासाने यापासून काही घेण्यासारखे आहे. आपला वाङ्मयेतिहास अजूनही ‘आद्य’ कोण, ‘जनक’ कोण, अमक्याचा ‘वारसदार’ कोण, या प्रश्नांभोवती फिरतो. आद्य ग्रंथ ‘विवेकसिंधु’ की ‘लीळाचरित्र’ हा वाद, किंवा केशवसुतांना आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणण्याची रीत, ही वंशविचाराची उदाहरणे आहेत. अशा विचारात ग्रंथाने काय केले यापेक्षा तो कोणापासून झाला हे वरचढ ठरते. वंश वंशानुचरिताला गिळून टाकतो.

याला प्रत्युत्तर देणारे उदाहरण वत्सगुल्मानेच पुरवले आहे. या शाखेचा संस्थापक सर्वसेन हा कवी होता. त्याचे ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य आज उपलब्ध नाही. अलंकारशास्त्राच्या ग्रंथांतील उल्लेख आणि अवतरणे तेवढी उरली आहेत. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त एक महत्त्वाचा मुद्दा मांडला आहे. परंपरेने आलेले कथानक रसाला प्रतिकूल असेल तर कवीने ते बदलावे, कारण घडलेले जसेच्या तसे सांगणे हे कवीचे प्रयोजन नव्हे; ते काम इतिहास करतोच. ज्यांनी असा बदल केला त्यांची उदाहरणे देताना तो कालिदासाची काव्ये आणि स्वतःचे ‘अर्जुनचरित’ यांच्या बरोबरीने सर्वसेनाच्या ‘हरिविजया’चे नाव घेतो.

म्हणजे ज्या पुरुषाला ताम्रपटाने एका वंशाचे मूळ म्हणून नोंदवले, त्यालाच काव्यशास्त्राने परंपरेने आलेले बदलणारा म्हणून लक्षात ठेवले. एकीकडे मुख्य शाखेच्या वंशावळीतून तो गाळला गेला. दुसरीकडे काश्मीरच्या एका आचार्याने त्याला पाच शतकांनंतर जिवंत ठेवले, आणि तेही कोणाचा पुत्र म्हणून नव्हे. त्याने काव्यात काय केले यासाठी. वंश आणि वंशानुचरित यांच्यातील भेद याहून स्पष्ट करणारे उदाहरण शोधून सापडणार नाही.

‘वत्सगुल्म’ या नावाच्या व्युत्पत्तीही येथे आठवतात. ‘कामसूत्रा’वरील ‘जयमंगला’ टीका सांगते की, दक्षिणापथात वत्स आणि गुल्म नावाचे दोन सख्खे राजपुत्र होते. ते ज्या प्रदेशात राहिले तो वत्सगुल्मक. स्थलमाहात्म्य मात्र वत्स ऋषीच्या तपाची आणि तेथे जमलेल्या देवांची कथा सांगते. एका नावाला एकीकडे भावांचा वंश मिळतो, दुसरीकडे ऋषीचा. महाभारताच्या वनपर्वात नर्मदा आणि शोण यांच्या उगमापाशी ‘वंशगुल्म’ नावाचे तीर्थ आहे. ते वाशीम नव्हे हे त्याच्या स्थानावरून उघड आहे. पण शब्द अर्थपूर्ण आहे. वंशगुल्म म्हणजे बांबूचे बेट. बांबू एकटा उभा नसतो. त्याचे पेर सरळ वर जाताना दिसते, परंतु जमिनीखाली अनेक कोंब एकमेकांत गुंतलेले असतात. वंशावळ आपल्याला एक काठी दाखवते. इतिहासाला बेट पाहावे लागते.

६

जिल्ह्यातील कारंजे हे गाव दुसऱ्या प्रकारच्या वंशासाठी प्रसिद्ध आहे. ‘गुरुचरित्रा’चे नायक नृसिंह सरस्वती यांचे जन्मस्थान म्हणून ते ओळखले जाते. त्या ग्रंथाचा कर्ता सरस्वती गंगाधर आरंभीच आपली वंशावळ देतो आणि आपले कूळ श्रीगुरूंचे प्रत्यक्ष शिष्य सायंदेव यांच्यापर्यंत नेऊन भिडवतो. येथे वंशावळीचे काम प्रतिष्ठेपेक्षा साक्षीचे आहे. मी सांगतो ते मला कसे कळले, याचा तो खुलासा आहे. त्याच कारंज्यात जैन भट्टारकांची पीठे होती. भट्टारक ब्रह्मचारी असल्याने त्यांचा वंश दीक्षेनेच चालू शकतो. त्यांच्या पट्टावल्यांत एकामागून एक पट्टधर येतात. विद्याधर जोहरापूरकर यांनी १९५८ साली ‘भट्टारक संप्रदाय’ या ग्रंथात अशा पट्टावल्या केवळ छापल्या नाहीत. मूर्तिलेख आणि ग्रंथांच्या पुष्पिका यांच्याशी त्या ताडून पाहिल्या. पुष्पिका ही पोथी कोणी, कोठे, कोणत्या वर्षी, कोणासाठी लिहिली ते सांगते. पट्टावली वंश देते, पुष्पिका कृती देते. वंशावळीचा इतिहासासाठी वापर कसा करावा याचा हा आदर्श नमुना आहे, आणि तो फूकोचे नाव आपल्याकडे पोचण्याच्या कितीतरी आधीचा आहे.

येथवरची चर्चा विद्वानांपुरती राहू शकली असती. परंतु वंशावळ हा आज आपल्याकडे जिवंत, आणि अनेकांच्या दृष्टीने निकडीचा, प्रश्न आहे. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी आणि त्याच्या पडताळणीसाठी अर्जदाराला शपथेवर वंशावळ द्यावी लागते आणि तिच्यातील एखाद्या पूर्वजाचा ठरावीक तारखेपूर्वीचा पुरावा जोडावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ अशा या तारखा आहेत. शाळेचा दाखला, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद, जमिनीचा जुना कागद यांवर सारे अवलंबून असते. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केल्यावर तर मोडी वाचणारे आणि वंशावळ जुळवणारे यांना गावोगाव मागणी आली.

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे. तेथे सेवालाल महाराजांची समाधी आहे. बंजाऱ्यांकडे आपल्या कुळांची स्मृती आहे आणि ती गाऊन जतन करणारे ढाडी आहेत. परंतु ती मुखातली आहे. ज्यांचे आयुष्य तांड्याबरोबर वाटेवर गेले त्यांच्या जन्माची नोंद कोणत्या गावच्या बुकात असणार? वस्तुस्थिती अशी की, ज्या समाजांची ‘विमुक्त’ ही ओळखच १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांच्या कपाळी मारलेल्या जन्मजात कलंकातून सुटण्यावरून ठरली, त्यांना त्या ओळखीचा लाभ घेण्यासाठी पुन्हा जन्माचाच पुरावा द्यावा लागतो. आधी वंशावरून शिक्षा होती, आता वंशावरून संरक्षण आहे. हेतू उलटा आणि न्याय्य आहे यात शंका नाही. पुराव्याची रचना मात्र तीच राहिली आहे. कागदावरील वंशावळीत आज्या, पणज्या बहुधा येत नाहीत. प्रभावतीगुप्तेला माहेरची वंशावळ पुढे करता आली. आजच्या तिच्यासारखीला तो मार्ग सहज मोकळा नसतो.

खोटे दाखले रोखणे आवश्यक आहे आणि त्यासाठी काही पुरावा मागावाच लागेल. तथापि नोंदीचा अभाव म्हणजे नात्याचा अभाव नव्हे, हे तत्त्व वाशीमच्या ताम्रपटाने शिकवले आहे. सर्वसेन १९३९ पर्यंत कोणत्याही मान्य यादीत नव्हता. म्हणून तो नव्हता असे झाले नाही.

७

आता आरंभीच्या प्रश्नाकडे परत येता येईल. परंपरेची वंशावळ आणि फूकोची वंशावळ यांचा संबंध काय? फूकोने ‘मूळ’ या कल्पनेवर जो आक्षेप घेतला तो परंपरागत वंशावळीने स्वतःविषयी केलेल्या दाव्याला लागू पडतो; तिच्या प्रत्यक्ष व्यवहाराला तितकासा नाही. प्रत्यक्ष व्यवहारात वंशावळी रचणाऱ्यांना मूळ निवडावे लागते हे पक्के ठाऊक होते. कोणी अश्वमेधापासून सुरुवात केली, कोणी माहेरापासून, कोणी गुरूच्या भेटीपासून. निवडीची ही जाणीव लपलेली असली तरी हजर होती. म्हणून आपल्या वंशावळींची चिकित्सा करण्यासाठी बाहेरून आणलेले हत्यार लागतेच असे नाही. एक वंशावळ दुसरीपुढे ठेवली की तीच तिची चिकित्सा करते.

मात्र फूकोच्या पद्धतीतील एक इशारा आपण गंभीरपणे घ्यावयास हवा. दोन वंशावळींतून सापडलेला खंड भरून काढून आपण तिसरी, अधिक मोठी आणि अधिक सुबक वंशावळ तयार करतो. मिराशींच्या शोधानंतर वाकाटकांच्या दोन शाखांचा तक्ता प्रत्येक ग्रंथाच्या शेवटी छापला जाऊ लागला. अजिंठ्याच्या लेखात ज्याचे नाव झिजून गेले आहे, तो आठव्या वर्षी गादीवर आलेला बालराजाही आता ‘सर्वसेन (दुसरा)’ म्हणून त्या तक्त्यात बसला आहे. असे तक्ते आवश्यक असतात. पण पुराणांनी सांगितलेल्या चार पुत्रांपैकी उरलेल्या दोघांच्या शाखा त्या तक्त्यात नाहीत, आणि त्यांच्यासाठी मोकळी जागाही ठेवलेली नसते. इतिहासकाराने वंशवृक्ष काढताना ही मोकळी जागा काढून दाखवावी. ब्यूलरची चूक अक्षरे न दिसल्यामुळे झाली नाही. आपला तक्ता पूर्ण आहे या विश्वासामुळे ती झाली.

वंशावळ ही इतिहासाची आई नव्हे आणि त्याची वैरीणही नव्हे. ती इतिहासाची साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला उलटतपासणी लागते. तिने कोणाची नावे घेतली हे लिहून घेतल्यावर, कोणाची घेतली नाहीत हे विचारणे ही त्या उलटतपासणीची सुरुवात होय. हा प्रश्न राजांच्या ताम्रपटाला विचारणे आता सोपे झाले आहे. वाङ्मयेतिहासातील ‘जनक’ आणि ‘वारस’ यांना, आणि कचेरीत शपथेवर दिल्या जाणाऱ्या तक्त्याला, तो विचारणे अजून बाकी आहे.